वॉरंटीच्या आत

सुहासने खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून कान दिला. टाळी भिंतींत विरून गेली. त्याने दुसरी वाजवली, या खेपेला जोरात, तेव्हा खाटेवरच्या मनकर्णाबाईंनी डोळे उघडले.

"आरती झाली का?"

"न्हाई आई, ते आवाज बघत्यात," दारातून कानिफनाथ म्हणाला. "तू पड."

"खोली एक नंबर आहे, शेठ," सुहास म्हणाला. नगरला सावेडीत त्याचं दुकान होतं आणि गावोगावच्या बंगल्यांत तो होम थिएटर बसवून द्यायचा. "टाळी घुमत नाही. खिडकी नाही, रस्ता लांब. तुमच्या हॉलमध्ये कितीही भारी वस्तू आणा, ऐन रंगात ट्रकचा हॉर्न ऐकू येणार. ही खोली मुद्दाम बांधल्यासारखी आहे."

खोली मुद्दामच बांधलेली होती, पण ज्वारीच्या पोत्यांसाठी. मिरजगावात हायवेला लागून कानिफनाथचं ठिबक आणि पाइपांचं दुकान होतं, दुकानामागे दोन मजली बंगला, आणि बंगल्याच्या पोटात ही धान्याची खोली. आईला जिना चढवेना तेव्हा हमालांनी पोती वर नेली आणि आई खाली आली.

सुहासने टेप काढली. एक टोक धरायला माणूस हवा होता, पण खाट आणि भिंत यांच्यामध्ये उभं राहायला जागा नव्हती. तो घुटमळलेला बघून मनकर्णाबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढला.

"आन हिकडं. मी धरते."

त्यांनी टेपचं टोक दोन बोटांत पकडून भिंतीला असं टेकवलं की ते जरासुद्धा हललं नाही. सुहासने लांबी घेतली, रुंदी घेतली, भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या. मग त्याने हवेतच बोटाने एक जागा दाखवली.

"ऐकणाऱ्याचं डोकं बरोबर इथं यायला पाहिजे. सगळ्या स्पीकरचा आवाज इथं येऊन मिळतो. वीतभर इकडे नको की तिकडे नको."

बोट उशीच्या वर होतं. कानिफनाथ भिंतीवरच्या खुणेकडे बघत राहिला.

"म्हंजी मी बरूबर जागी हाय की," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेप सोडली. टेप सर्रकन डबीत गेली.

हे खूळ कानिफनाथच्या डोक्यात शिरलं ते चुलतभावामुळे. ज्ञानेश्वरने कर्जतला बंगला बांधला, त्यात थिएटर केलं आणि वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या भावकीला अंधारात बसवून पडद्यावर विमान पाडून दाखवलं. विमान पडलं तेव्हा कानिफनाथच्या छातीत धडधडलं. घरी येऊन त्याने आपला टीव्ही लावला, तर त्यातली माणसं डब्यात तोंड घालून बोलतायत असं त्याला वाटलं. तेव्हापासून घ्यावं की थांबावं, हा एकच घोर त्याला लागला. दसऱ्याला घ्यावं, तर दिवाळीला जास्त सूट मिळते म्हणतात. दिवाळीला घ्यावं, तर नव्या वर्षात नवं मॉडेल येतं. थांबणाऱ्याला कारणं कधी कमी पडत नाहीत. त्याचं खरं कारण मात्र एकच होतं आणि ते मागच्या खोलीत खाटेवर पडलेलं होतं.

आईला दुसरीकडे हलवता आलं नसतं असं नाही. हॉलमध्ये एका कोपऱ्यात खाट सहज मावली असती. पण हॉलमध्ये गिऱ्हाइकं यायची, सोयरेधायरे यायचे. पडद्यापायी म्हातारीला खोलीतून बाहेर काढलं म्हणून गावभर बोभाटा झाला असता. आईच्या मरणाची वाट बघणं त्याला जमत होतं, कारण ते कुणाला दिसत नव्हतं.

घरात एक रीत आपोआप पडली होती. नवं आलं की जुनं आईच्या खोलीत जायचं. जुना पंखा तिथे गेला, जुनी गादी गेली, जुना टीव्ही गेला. मनकर्णाबाईंची त्याला कधी ना नव्हती. उलट एखादी वस्तू टाकून दिली तरच त्या चिडायच्या. वाया घालवणं हे त्यांच्या लेखी एकच पाप. जन्मभर त्यांनी शिळी भाकरी आधी संपवली, त्यामुळे ताजी भाकरीसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचायची ती शिळी होऊनच. लहानपणी कानिफ ताटात घास टाकून उठला, तर तो घास उचलून त्या त्याच्यादेखत स्वतःच्या तोंडात घालायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यापेक्षा चार रट्टे दिलेले परवडले, असं पोराला वाटायचं.

एका दुष्काळात दावणीला म्हातारा बैल होता. कडबा संपत आलेला. मनकर्णाबाईंनी एके दिवशी त्याच्यापुढची पेंढी उचलली आणि कालवडीपुढे टाकली. "त्याला घालून वाया," एवढंच म्हणाल्या. मग गोठ्यामागे जाऊन त्या बराच वेळ बसून राहिल्या. कानिफ तेव्हा शाळेत जात होता. बैलाच्या रिकाम्या गव्हाणीकडे बघायचं नाही म्हणून तो तेवढे दिवस दुसऱ्या वाटेने शाळेला गेला.

यंदा श्रावणात मनकर्णाबाईंनी अंथरूण धरलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय थकलंय म्हणाले, दिवाळी काढतील असं वाटत नाही म्हणाले, आणि काय खावंसं वाटेल ते खायला घाला म्हणून घरी पाठवलं. भावकी येऊन भेटून गेली. सुनेने, मोनिकाने, सगळं अंगावर घेतलं. अंघोळ, अंग पुसणं, पाठीला पावडर, वेळच्या वेळी गोळ्या. तिच्या सेवेत खोट काढायला कुणाला जागा नव्हती. आणि घरातला पुढचा विचारही तीच करायची.

"घ्यायचं आसंल तर आत्ताच घ्या," सुहास माप घेऊन गेला त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली. "आत्यांचं काय झालं, तर वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात नवा चमचासुद्धा आणता येणार न्हाई. लोक काय म्हणतील?"

"पण बसवायचं कुठं?"

मोनिकाने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"बसवायचं कोण म्हणतंय? घरात येऊन पडू द्या. आधी आलेली वस्तू काय नवी नसती. तेरावं झालं की बसवा. कुनी इचारलंच तर सांगायचं, आत्यांनीच घ्यायला लावलं म्हणून."

बायकोचं डोकं किती चालतं याचं कानिफनाथला कौतुक वाटलं. कौतुक वाटलं म्हणून मग लाज वाटली. भाकरी फुगली, ती त्याच्या ताटात पडली, आणि जेवण होईपर्यंत लाजही ओसरली.

दसऱ्याच्या दिवशी टेम्पो दारात लागला. टीव्हीचं खोकं खाटेएवढं लांब होतं. त्याशिवाय स्पीकरांची खोकी, वूफरचं जड खोकं, अ‍ॅम्प्लिफायरचं वेगळं. कोरडी जागा म्हणून, आणि पुढे लागणार तिथेच असावं म्हणून, सगळं मनकर्णाबाईंच्या खोलीत भिंतीला लावून रचलं. मोनिकाने खोक्यांना झेंडूची माळ घातली आणि कुंकू लावलं. सासूलाही लावायला बोट पुढे गेलं, पण त्या विधवा. बोट तिने पदराला पुसलं.

जुना टीव्ही टेम्पोवाल्याने बदल्यात नेला. त्यावर मनकर्णाबाई रोज सकाळी कीर्तन ऐकायच्या. नवं आलं आणि जुनं त्यांच्या खोलीत यायच्या ऐवजी तिथून निघून गेलं, असं पहिल्यांदाच झालं.

"आई, तुला चालंल ना?" कानिफनाथने विचारलं.

"न्हिऊ दे. कुनाच्या तरी कामी यील." मग त्या बराच वेळ मोठ्या खोक्यावरचा छापील धबधबा बघत राहिल्या. "चितार झ्याक हाय. हालत न्हाई एवढंच."

शेजारच्या बनुबाई भेटायला आल्या तेव्हा मोनिकाने खोक्यांवर वाकळ टाकून ठेवली होती. बनुबाईंनी वाकळ उचलून बघितलं. त्यांना कशाचाही उलगडा करून सांगावा लागला नाही.

"बरं केलंस बाई, आधीच आणून ठेवलं," त्या मोनिकाला म्हणाल्या, आवाज न दबवता. "आमच्यात फ्रीज घेऊ घेऊ म्हणता म्हणता मामंजी गेले. बसलो मग वरीसभर माठातलं पानी पीत."

मनकर्णाबाई खाटेवर पडून ऐकत होत्या. "माठातलं बाधत न्हाई," त्या म्हणाल्या.

पण मरण काही बोलावून येत नाही. दिवाळी आली, मनकर्णाबाईंनी एक लाडू मागून खाल्ला. थंडी पडली तशी त्यांना भूक लागायला लागली. आधी नुसती पेज जायची, मग आमटीत कुस्करलेली भाकरी, संक्रांतीला तर त्यांनी ठेचा मागितला. गालांवर थोडं मांस आलं. आधार दिला की त्या उठून बसायच्या. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, चांगलं आहे, सांभाळा. कानिफनाथ आईच्या चेहऱ्यावर तजेला बघायचा, त्याला मनापासून बरं वाटायचं, आणि त्याच क्षणी त्याची नजर खोक्यांकडे जायची. आपण दोन्हीकडे बघतो हे आईने बघितलंय, हेही त्याला कळायचं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मोबाईलवर जाहिरात दिसली. त्याच टीव्हीचं पुढचं मॉडेल आलं होतं. न उघडताच त्याचा टीव्ही जुना झाला. त्याच आठवड्यात ज्ञानेश्वरचा कर्जतहून फोन आला. "काय रं, लावला का न्हाई आजून? का वहिनीसंगं खोकीच बघत बसतो?" कानिफनाथ हसला. हसून झाल्यावर त्याला राग आला, आणि तो राग ज्ञानेश्वरचा नव्हता. त्या संध्याकाळी तो आईच्या खोलीत गेलाच नाही.

वैशाखात एका दुपारी सुहास कर्जतकडे कामाला निघाला होता, तो वाटेत थांबला. कानिफनाथ गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होता. त्याने मानेनेच आत जा म्हणून खूण केली. गिऱ्हाईक गेल्यावर तोही मागे निघाला, आणि बोळीत आईचा आवाज ऐकून दाराच्या अलीकडे थबकला.

"आजी, हे अजून उघडलंसुद्धा नाही?" सुहास म्हणत होता. "असल्या वस्तू बंद ठेवून चांगल्या राहत नाहीत. शिवाय वॉरंटी चालू आहे."

"ती काय आसती?"

"वस्तू बिघडली तर कंपनी फुकटात दुरुस्त करून देते. पण वर्षभरच."

"बसीवल्यापून वरीसभर व्हय?"

"नाही ना. बिलाच्या तारखेपासून. दसऱ्याला घेतलं, दसऱ्याला संपणार. त्यानंतर बसवलं आणि पहिल्याच दिवशी काही निघालं, तर कुणी विचारत नाही."

आत पंखा कुरकुरत होता.

"म्हंजी पडून ऱ्हायलं तेवढं वाया?"

"वायाच की," सुहास हसून म्हणाला. "कशाची एवढी वाट बघतायत शेठ? मुहूर्ताची?"

कानिफनाथला आत जाता आलं असतं. आत जाऊन काहीही बोलता आलं असतं, नुसतं 'चहा घ्या' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो पाऊल न वाजवता मागे फिरला आणि दुकानात येऊन मोजलेलेच पाइप पुन्हा मोजायला लागला.

त्या संध्याकाळी मोनिका आईचं ताट तसंच घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आत्या नगं म्हणत्यात."

"उन्हाचा जीव कासावीस होतो. सकाळी खातील," कानिफनाथ म्हणाला.

सकाळी त्यांनी चहा परत पाठवला. दुपारी पेज परत आली. पोट दुखतं का, विचारलं, तर नाही म्हणाल्या. तोंड आलंय का, तर तेही नाही. पाणी तेवढं मागून घ्यायच्या, गोळ्या उशाखाली सारायच्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मोनिकाने उशी झटकताना गोळ्या बघितल्या आणि तिने त्या तिथेच राहू दिल्या.

"डॉक्टरला फोन लावायचा का?" तिने नवऱ्याला विचारलं. विचारताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही, ती कोथिंबीर निवडत होती.

"बघू उद्याच्याला."

"व्हय," मोनिका म्हणाली. "उद्याच्याला बघू."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कानिफनाथने ताट स्वतः हातात घेतलं. आमटीत कुस्करलेली भाकरी, कडेला ठेचा, तिला आवडतो तसा, शेंगदाणे घातलेला. खाटेवर जागा करून तो तिच्या पायांशी बसला. तीन दिवसांत तिचे गाल पुन्हा आत गेले होते. डोळे मात्र स्वच्छ होते, पूर्वी शेतातून परत आल्यावर असायचे तसे.

"आई, खा की गं चार घास."

"दसरा कवा हाय रं आवंदा?"

"हाय लांब. कशाला?"

मनकर्णाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. "जेठ," त्या म्हणाल्या. अंगठा पुढे सरकला. "आखाड. सरावन. भादवा." मग त्यांनी हात पांघरुणावर ठेवून दिला. "हाय की मग येळ."

कानिफनाथला कळलं. काहीच न कळल्यासारखं करावं, एवढंही त्याला सुचलं नाही.

"आपला म्हातारा बैल ध्यानात हाय का तुझ्या?"

"हाय."

"लई दिस लागलं न्हाईत त्याला." त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "म्या रोज पानी दाखवायची. पानी पेत हुता."

त्याच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. उद्याच्या उद्या ही खोकी बाहेर काढतो, एवढंच. जिना चढून वर न्यायची, नाहीतर ज्ञानेश्वरला देऊन टाकायची, नाहीतर दुकानात गिऱ्हाइकांसमोर लावायची. एक वाक्य होतं आणि आई ते ऐकायला समोर होती. त्याने वर बघितलं. उशीच्या वर, भिंतीवर, सुहासच्या पेन्सिलीची खूण तशीच होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि वाक्य बोलायचं राहून गेलं.

मनकर्णाबाईंनी थोडी वाट बघितली. मग त्यांनीच हाताने ताट त्याच्याकडे सारलं.

"आन्न धरून बसू नगं. वाया जाईल. तू खा."

"आई..."

"खा म्हणते ना."

कानिफनाथने ताट मांडीवर घेतलं. त्याने पहिला घास गिळला. दुसरा गेला. मनकर्णाबाई मान वळवून त्याच्याकडे बघत होत्या, तो लहान असताना ताट संपेपर्यंत बघायच्या तशा. खोलीत चावण्याचा आवाजही घुमत नव्हता. बाहेर मोनिकाने दिवाबत्ती केली, उदबत्तीचा वास आत आला.

"मीठ हाय का बरूबर?" त्यांनी विचारलं.

"हाय," तो म्हणाला, आणि बोटाने ताटाची कड पुसून घेतली.